लाइट गेल्यावर लेकराचं मशीन कशावर? घरी बांधलेल्या बॅटरी-डब्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या लेकीला जन्मापासून स्नायूंचा आजार आहे. रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन), दिवसातून अनेकदा सक्शन (कफ ओढून काढणारं) आणि सर्दी झाली की नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार देणारं), अशी तिची घरातली मशीनं. मी रायगड जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंगचं काम करतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती. त्यानंतर मी पहिला डबा, म्हणजे लाइट नसताना मशीन चालवायची पेटीत बसवलेली बॅटरी, बांधला. आजवर चार बांधले, त्यातले दोन मोडून परत केले. अशा मशीनवरच्या मुलांचे आईवडील फोनवर मला जे विचारतात तेच इथे लिहिलं आहे. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. घरी बांधलेल्या डब्यावर मुलाचं मशीन चालवावं का? भीती वाटते.

भीती वाटते हे बरंच आहे. डब्याला पहिला आधार कधीच समजू नका. माझ्या घरातला क्रम असा आहे: मशीनची स्वतःची आतली बॅटरी, मग कंपनीची बाहेरची बॅटरी, मग घरचा डबा. आणि या तिन्हींच्या आधीपासून पलंगाला टांगलेली अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी.

मूल चोवीस तास व्हेंटिलेटरवर असेल, गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची (छेद देऊन श्वासनलिकेत बसवलेली) नळी असेल आणि मशीनशिवाय काही मिनिटंही निघत नसतील, तर घरचा डबा थेट त्या मशीनला लावू नका. तिथे कंपनीच्या दोन बॅटऱ्या हव्यात. डब्याचं काम एवढंच की एक बॅटरी मशीनवर असताना दुसरी चार्ज करायची. म्हणजे डबा मध्येच बंद पडला तरी मुलाचा श्वास त्या क्षणी त्याच्यावर टांगलेला नसतो. याच कारणासाठी मी दोन डबे परत मोडले.

२. कोणत्या मशीनला डबा उपयोगी पडतो आणि कोणत्याला नाही?

बायपॅप, सीपॅप, १२ व्होल्टवर चालणारं सक्शन मशीन, फीडिंग पंप, ऑक्सिमीटर आणि जाळीचा छोटा नेब्युलायझर यांना उत्तम. कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर शंभर-दीडशे वॉट घेतो, पण दहा मिनिटंच चालतो, म्हणून तोही निभावतो.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या मशीनला) मात्र डबा पुरत नाही. पाच लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॉट घेतं आणि सगळ्यात मोठी अडचण ही की तुम्ही फ्लो १ लिटरवर ठेवलात तरी कॉम्प्रेसर जवळपास तेवढीच वीज खातो. ५० एएचचा (अँपिअर-तासांचा) लिथियम डबा त्याला दीड तासही पुरत नाही. त्यापेक्षा बी टाइप सिलिंडर भरून ठेवा. त्यात साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. मुलाला मिनिटाला १ लिटर लागत असेल तर हिशेबाने पंचवीस तास झाले. फ्लोमीटर, पाना आणि वॉशर सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात पाना सापडत नाही.

श्वास ओढल्यावर झटका देणारे छोटे पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर लोक सुचवतात. लहान मुलाचा श्वास इतका हलका असतो की पुष्कळदा त्या मशीनला तो जाणवतच नाही. डॉक्टरांनी मूल समोर बसवून तपासल्याशिवाय घेऊ नका.

३. अ‍ॅडॅप्टरवर ९० वॉट लिहिलंय, तेवढी वीज सतत लागते का?

नाही. तो आकडा अ‍ॅडॅप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आहे. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मिळतं. ते मध्ये घालून एक पूर्ण रात्र मशीन चालवा आणि सकाळी किती युनिट गेले ते बघा. आमच्या लेकीचं बायपॅप ह्युमिडिफायर बंद ठेवून सरासरी २५ वॉटच्या आसपास येतं. ह्युमिडिफायर लावला की तेच दुप्पट-तिप्पट होतं (प्रश्न १३). तुमच्या मुलाचं प्रेशर वेगळं, मास्कची गळती वेगळी, म्हणून माझा आकडा तुमचा म्हणून धरू नका.

४. मग बॅटरी केवढी घ्यायची?

व्होल्ट गुणिले एएच केलं की वॉट-तास मिळतात. १२.८ व्होल्टची ५० एएच बॅटरी म्हणजे ६४० वॉट-तास. शेवटच्या थेंबापर्यंत काढायची नाही, म्हणून ५५० धरा. २५ वॉटचं मशीन सरळ डीसीवर चालवलं आणि मधल्या कन्व्हर्टरची गळती धरली, तर एकोणीस-वीस तास. इन्व्हर्टरमधून चालवलं तर चौदा. का ते प्रश्न ८ मध्ये आहे.

सक्शनचा हिशेब वेगळा असतो. वॉट जास्त पण वेळ थोडा. दिवसाला वीस वेळा, दरवेळी मिनिटभर धरलं तरी शंभर वॉटच्या मोटरला पस्तीस वॉट-तासांच्या आसपासच लागतात. फक्त सुरू होताना मोटर काही पट करंट ओढते, तेवढी फ्यूज आणि वायरची तयारी हवी.

आलेल्या आकड्याच्या दीडपट बॅटरी घ्या. बॅटरी म्हातारी होते आणि आजारी मुलाला मशीन नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतं.

५. घरातल्या इन्व्हर्टरची जुनी ट्यूब्युलर, गाडीची बॅटरी की लिथियम?

गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्याच्या क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेली असते. रात्रभर हळूहळू रिकामी केली तर काही महिन्यांत बसते. अडीअडचणीला एक रात्र चालेल, नेहमीसाठी नको.

ट्यूब्युलर दणकट असते, पण १५० एएचची पन्नास-साठ किलो भरते आणि तिच्यातली निम्मी वीजच वापरावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून मुलाच्या बंद खोलीत तिची जागा नाही.

मी लिथियम फेरो-फॉस्फेट वापरतो. वजन १०० एएचला बारा किलोच्या आसपास, आयुष्य जास्त आणि लिथियमच्या प्रकारांत आग लागण्याच्या दृष्टीने हा पुष्कळ शांत. सेल किंवा पॅकवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. तयार चार सेलचा पॅक बीएमएससकट (सेल जपणाऱ्या सर्किटसकट) घ्या. सुटे सेल आणून स्वतः जोडण्याची कारागिरी या कामात करू नका. मला ती येते आणि तरी मी लेकीसाठी तयार पॅकच घेतो.

६. लॅपटॉपचे जुने सेल, ई-स्कूटरची काढलेली बॅटरी स्वस्तात मिळतेय. चालेल?

नको. त्या सेलचा इतिहास माहीत नसतो, एक सेल कमजोर निघाला तर बाकीचे त्याला तापवतात आणि त्यातले बरेचसे अशा रसायनाचे असतात जे एकदा पेटलं की पाण्याने सहज विझत नाही. ज्या खोलीत मूल स्वतः उठून बाहेर जाऊ शकत नाही तिथे ही जोखीम घ्यायची नाही. पैशांची अडचण असेल तर छोटी नवी घ्या, मोठी जुनी घेऊ नका.

७. डब्यात नक्की काय काय असतं? यादी द्या.

यादी सगळेच मागतात. पण डबा यादीने सुरक्षित होत नाही, जोडणीने होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॅटरी झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत घट्ट बसवलेली, हलवली तरी आत सरकणार नाही अशी. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत मेन फ्यूज. तो वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून वायरच्या सुरुवातीलाच हवा. वायरच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला फ्यूज पाहिला की मी डबा तिथेच उघडून ठेवतो. ५० एएचच्या डब्याला मी मेन ४० अँपिअरचा घालतो आणि बायपॅपच्या फाट्याला वेगळा १० चा. घरातल्या बोर्डाचा एमसीबी इथे वापरू नका. तो एसीसाठी असतो, डीसीची ठिणगी तो नीट तोडत नाही.

वायर. १२ व्होल्टवर वायर बारीक असली की व्होल्टेज वाटेतच गळतं. दीडच्या (दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीने तीन मीटरवर ८ अँपिअर नेलेत तर जाऊन-येऊन अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट होते आणि मशीन बॅटरी कमी असल्याचा अलार्म देतं. तीच वायर चारची घातली की घट पाव व्होल्टच्या आत येते. इन्व्हर्टर लावणार असाल तर त्याला दहाची, आणि हातभरापेक्षा लांब नको. वायरीच्या टोकाचा लग (धातूची कडी) क्रिम्पिंगच्या पान्यानेच दाबा. पक्कडीने चेपलेला लग आज धरतो आणि सहा महिन्यांनी तापायला लागतो.

कनेक्टर. इथे माझी स्वतःची चूक सांगतो. निसर्गच्या तिसऱ्या रात्री शेजारच्या टेम्पोची बॅटरी काढून आणली आणि मगरीच्या चिमट्यांनी बायपॅपच्या डीसी कन्व्हर्टरला जोडली. कंदिलाच्या उजेडात लाल-काळा उलटा लागला आणि कन्व्हर्टर जळला. त्या रात्री आम्ही दोघांनी पहाटेपर्यंत आळीपाळीने अंबू बॅग दाबली. चौदा वर्षं वायरींचं काम करणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं. तेव्हापासून चिमटे घरात ठेवत नाही. उलटा बसूच शकणार नाही असा कनेक्टर लावा. एक्सटी-६० चालतो, अँडरसन प्रकारचाही चालतो. आणि प्रत्येक मशीनच्या वायरीला वेगळ्या रंगाची पट्टी, म्हणजे सक्शनची पिन चुकून बायपॅपला जाणार नाही.

शेवटी एक शंट मीटर (प्रश्न ९) आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला जोडणीचा कागद.

८. बायपॅप सरळ १२ व्होल्टवर चालवायचं की इन्व्हर्टर लावून?

कंपनीची डीसी वायर किंवा डीसी कन्व्हर्टर मिळत असेल तर तोच रस्ता. रेसमेडची बरीच मशीनं २४ व्होल्टवर चालतात, तर फिलिप्सचं ड्रीमस्टेशन १२ व्होल्टवर. म्हणून 'बायपॅपची वायर' म्हणून एकच वस्तू नसते. मॉडेल नंबर सांगूनच मागवा. आणि १२ व्होल्टचं मशीन आहे म्हणून बॅटरीची वायर सरळ खुपसू नका. भरलेली लिथियम बॅटरी १३ च्या वर असते, चार्जिंगला १४.६ पर्यंत जाते. मध्ये कंपनीचा तुकडा हवाच.

इन्व्हर्टरमधून चालवलं तर बॅटरीच्या १२ चे २३० होतात आणि अ‍ॅडॅप्टर पुन्हा त्याचे १२ किंवा २४ करतो. दोन्हीकडे गळती. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच आठ-दहा वॉट खातो. पंचवीस वॉटच्या मशीनला हा फार मोठा वाटा झाला.

इन्व्हर्टर घ्यावाच लागला तर प्युअर साइन वेव्ह घ्या. स्क्वेअर वेव्हवर सक्शनची आणि नेब्युलायझरची मोटर घुमते, तापते, अ‍ॅडॅप्टर गुणगुणतात. पाचशे-हजार रुपये वाचवण्याची ही जागा नाही.

९. व्होल्टमीटर १३.१ दाखवत होता, आम्ही निर्धास्त होतो आणि मशीन एकदम बंद पडलं. असं कसं?

लेड-अ‍ॅसिड बॅटरी (गाडीची किंवा ट्यूब्युलर) हळूहळू उतरते, म्हणून तिचं व्होल्टेज बघून अंदाज येतो. लिथियम फॉस्फेटचं तसं नसतं. ती जवळपास पूर्ण उतरेपर्यंत १३ च्या आसपास सपाट चालते आणि शेवटी एकदम कोसळते. मग बीएमएस सेल वाचवण्यासाठी सप्लाय तोडतो. बीएमएसला पलीकडे तुमचं मूल आहे हे माहीत नसतं, तो बॅटरीचा राखणदार आहे.

म्हणून व्होल्टमीटरऐवजी शंट मीटर लावा. आत किती अँपिअर-तास गेले, बाहेर किती आले हे तो मोजतो आणि उरलेले टक्के दाखवतो. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरल्यावर त्याला शंभरवर आणा, नाहीतर हिशेब सरकत जातो. आमच्या घरी नियम असा: चाळीस टक्के झाले की फोनाफोनी सुरू, वीस झाले की निघायचं. मशीन चालू असताना व्होल्ट १२.५ च्या खाली गेले तर फार थोडं उरलंय असं समजा, टक्के काहीही दाखवोत.

१०. घरात मोठा इन्व्हर्टर आहेच. मग डबा कशाला?

घरात असाल तर तो इन्व्हर्टर चांगलाच आहे, फक्त तीन गोष्टी बघा. एक, मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि काही मशीनं बंद होऊन पुन्हा सुरू होतात. दोन, मुलाच्या मशीनचा सॉकेट लाल रंगाचा वेगळा करून घ्या आणि त्या बॅटरीवरून टीव्ही, मिक्सर उतरवा. लाइट नसताना चार पंखे आणि टीव्ही चालले की रात्रीपर्यंत मशीनला काही उरत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलंय. तीन, बॅटरीचं पाणी.

डबा लागतो तो घर सोडावं लागतं तेव्हा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण-महाडला पाणी चढलं, तेव्हा तळमजल्यावरचे इन्व्हर्टर सगळ्यात आधी बुडाले. डबा उचलून माळ्यावर, शेजाऱ्याकडे, गाडीत नेता येतो.

आणि एक हात जोडून सांगणं. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून छोट्या इन्व्हर्टरचा करंट घराच्या बोर्डात उलटा घालू नका. तो मीटरमधून बाहेर खांबापर्यंत जाऊ शकतो आणि वर वायरमन काम करत असतो. वादळात तोच आपल्यासाठी पावसात खांबावर चढलेला असतो.

११. डबा चार्जरला लावलेला असतानाच मुलाचं मशीन त्याच्यावर चालवलं तर?

माझ्या घरी नाही. मशीनचा मूळ अ‍ॅडॅप्टर रुग्णाच्या अंगापर्यंत गळतीचा करंट जाऊ नये अशा कसोटीतून गेलेला असतो. बाजारातला बॅटरी चार्जर तसा नसतो. डबा घराच्या विजेपासून पूर्ण तोडलेला असला की तो प्रश्नच उरत नाही. म्हणून लाइट आहे तेव्हा मशीन स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर आणि डबा दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

चार्जर लिथियम फॉस्फेटचाच, १४.६ व्होल्टला थांबणारा. लेड-अ‍ॅसिडच्या काही चार्जरमध्ये बॅटरी 'साफ' करायचा उच्च व्होल्टेजचा टप्पा असतो, तो लिथियमला घातक.

१२. खोलीत ऑक्सिजन चालू असतो. डबा तिथे ठेवला तर धोका आहे का?

आहे. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण गोधडी, उशी, केस यांत तो मुरतो आणि मग छोटी ठिणगीही मोठी होते. कनेक्टर लावताना-काढताना ठिणगी पडतेच. डबा पलंगापासून दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला किंवा दाराबाहेर ठेवा आणि मोकळी हवा राहू द्या. कनेक्टर आधी जोडा, स्विच नंतर चालू करा. काढताना उलट. आणि त्या खोलीत देवाजवळचं निरांजन, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती काहीच नको. लाइट गेल्यावर मेणबत्ती लावायची सवय असते, ती पहिली मोडा. बॅटरीवरचा दिवा डब्याच्या हँडललाच बांधा.

१३. बॅटरीवर असताना ह्युमिडिफायर बंद केला तर चालेल?

मास्कवरच्या बहुतेक मुलांना एखादी रात्र चालतं, नाक कोरडं पडतं इतकंच. पण ट्रॅकिओस्टॉमी असेल तर परस्पर बंद करू नका. कोरड्या हवेने कफ घट्ट होऊन नळीत बसू शकतो. अशा वेळी एचएमई नावाचा छोटा फिल्टर लावतात. मुलाच्याच उच्छ्वासातला ओलावा तो धरून ठेवतो आणि त्याला वीज लागत नाही. कोणत्या मापाचा, किती तासांनी बदलायचा हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. चालू ह्युमिडिफायर आणि एचएमई एकाच वेळी लावायचे नसतात, फिल्टर भिजून श्वास अडतो.

१४. बायपॅप बंद पडला तर तोपर्यंत नुसता ऑक्सिजन लावून ठेवू का? सिलिंडर आहे घरात.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्यात सगळ्यात मोठा धोका आहे. स्नायू दुबळे असलेल्या मुलाची अडचण ऑक्सिजन कमी असण्याची कमी आणि हवा आत-बाहेर न होण्याची जास्त असते. नुसता ऑक्सिजन दिला की ऑक्सिमीटरवर आकडा ९८ दिसतो, घरचे निवांत होतात आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. तो ऑक्सिमीटरला दिसत नाही. मूल झोपाळू होतं, डोकं दुखतं, घाम येतो, हाक मारली तर उशिरा डोळे उघडतं.

फुप्फुसांच्याच आजाराच्या मुलांचं गणित वेगळं असतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न या शब्दांत विचारा: 'मशीन बंद पडलं तर माझ्या मुलाला ऑक्सिजन द्यायचा की अंबू बॅग?' आणि उत्तर कागदावर घ्या.

१५. रात्री लाइट गेलेली आम्हाला कळतच नाही. सगळे झोपलेले असतात.

२३० व्होल्टचा छोटा रिले घ्या. लाइट असेपर्यंत तो ओढलेला राहतो. लाइट गेली की सुटतो आणि ९ व्होल्टच्या सेलवरचा भोंगा वाजतो. एखादा इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात करून देईल. भोंगा आईवडिलांच्या उशाशी ठेवा आणि सेल दर सहा महिन्यांनी बदला.

१६. प्रवासात? एसटी, रेल्वे, विमान?

गाडीच्या सॉकेटला बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे जेमतेम १२० ते १८० वॉट. बायपॅप चालेल, इन्व्हर्टर लावून नेब्युलायझर चालवायला गेलात तर फ्यूज उडू शकतो. गाडीचा फ्यूज कुठे आहे ते निघण्याआधी बघून ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत डबा सोडून जेवायला उतरू नका.

एसटीत डबा पायाशी, उभा आणि बांधलेला.

रेल्वेच्या डब्यातले प्लग मोबाइलसाठी आहेत. बऱ्याच गाड्यांत ते ११० व्होल्टचे असतात आणि आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवले जातात. नेमकी तीच मशीनची वेळ. त्यामुळे रात्रीच्या गाडीत पूर्ण रात्रीचा हिशेब स्वतःच्या बॅटरीवर करूनच चढा.

विमानात घरचा डबा जाणारच नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० पर्यंतच्या दोन विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढे नाही. ५० एएचचा डबा ६४० चा आहे. कंपनीची छोटी प्रवासी बॅटरी घ्या आणि मेडिफ नावाचा (रुग्णाच्या वैद्यकीय माहितीचा) फॉर्म तिकीट काढतानाच मागा.

१७. सोलर पॅनेल लावून डबा भरता येईल का?

उन्हाळ्यात छान. १०० वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४०० वॉट-तास देतं. पण आपल्याकडे लाइट जाते ती बहुतेक आषाढ-श्रावणात आणि कोकणातल्या त्या पावसात माझं पॅनेल कधी कधी त्याच्या पाव हिश्शावर येतं. सोलरला वरकड समजा. वादळाची बातमी आली की आदल्या दिवशी सगळं भरून घ्या: डबा, कंपनीची बॅटरी, मोबाइल, सिलिंडर. जवळच्या कोणत्या दवाखान्यात, हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर जनरेटर आहे आणि तिथे कोणाशी बोलायचं हेही तेव्हाच ठरवा.

डबा पाण्यात बुडाला तर वाळवून पुन्हा वापरायचा नाही. घराबाहेर मोकळ्यावर ठेवा आणि नंतर बॅटरी गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

१८. डॉक्टरांना किंवा कंपनीला सांगायचं का? वॉरंटी जाईल ना?

सांगायचंच. बाहेरच्या बॅटरीने मशीन बिघडलं तर वॉरंटी बहुधा मिळत नाही, हे खरं आहे. म्हणून आधी मशीनचा मॉडेल नंबर देऊन कंपनीला लेखी विचारा: डीसी इनपुट किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो आणि कोणती वायर मान्य आहे. हे उत्तर आल्याशिवाय मी कोणालाही डबा बांधून देत नाही. डॉक्टरांकडून मशीनशिवाय मूल किती वेळ सुरक्षित राहतं ते लिहून घ्या. डब्याचं माप त्या कागदावरून ठरतं. मूल घरच्या मशीनवर आहे असं त्यांचं पत्र जोडून महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्जही द्या. लाइट गेल्यावर १९१२ वर तक्रार करताना तो अर्ज दिल्याचं सांगा. लाइट लगेच येईल असं मी म्हणत नाही, पण आमच्या भागातला वायरमन आता आधी फोन करून किती वेळ लागेल ते कळवतो.

१९. डबा किती दिवसांनी तपासायचा?

दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला. आम्ही संकष्टीला करतो, आईला लक्षात राहतं म्हणून. पूर्ण भरून मशीन एक तास डब्यावर चालवायचं, दिवसा, लेक जागी असताना. सगळे लग हाताला गरम लागतात का बघायचं. कोमट चालेल, चटका नको.

वर्षातून एकदा खरी परीक्षा. गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा १२ व्होल्टचा बल्ब जोडा आणि बीएमएस तोडेपर्यंत जळू द्या, वेळ लिहा. बल्ब कडक तापतो, तो फरशीवर आणि पोरांपासून दूर. नवा ५० एएचचा डबा साधारण दहा-अकरा तास जाळतो. आठच्या खाली आला की मी बॅटरी बदलतो. त्या दिवशी मुलासाठी दुसरा आधार घरात हवा.

२०. एवढं करूनही सगळंच बंद पडलं तर?

अंबू बॅग, मुलाच्या मापाच्या मास्कसकट किंवा ट्रॅकिओस्टॉमीच्या जोडणीसकट. ती कशी आणि किती दाबायची हे हॉस्पिटलमधून घरी सोडतानाच नर्सकडून शिकून घ्या, घरातल्या किमान तिघांनी. सक्शनसाठी पायाने किंवा हाताने चालणारा पंप मिळतो, तो घ्या. एकाने बॅग धरायची, दुसऱ्याने १०८ लावायचा आणि 'मूल श्वासाच्या मशीनवर आहे, मशीन बंद आहे' हे पहिलं वाक्य सांगायचं. रेंज नसेल तर वाट बघत बसू नका, गाडी काढा.

२१. दिवसा मुलाजवळ आजी एकट्या असतात. त्यांना हे सगळं जमेल?

जमतं. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि घरात सगळ्यांत लवकर तीच जोडते. तिच्यासाठी डब्यावर तीनच खुणा आहेत: लाल पट्टी लाल पट्टीत, मग हिरवं बटण, मग मशीनचा आवाज ऐकायचा. मीटरवर ४० च्या रेषेला मी टिकली चिकटवली आहे. आकडा तिच्या खाली गेला की मला फोन. मागच्या संकष्टीला तिने स्वतःच दिवा मालवला, डोळे मिटले आणि चाचपडत जोडून दाखवलं. लेक बाजूला पडून मोठ्याने आकडे मोजत होती. बावीसला मशीन सुरू झालं.